जुन्या मोटारीतील स्टेअरिंग व इंजिन माउंटिंगचे बुश : झीज, निदान आणि बदल

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :
१. रबरी बुशचे कार्य कंपनाच्या भाषेत सांगणे.
२. लक्षणांवरून कोणता बुश गेला आहे हे ओळखणे.
३. बुश बदलण्याचा योग्य क्रम आणि त्यामागील कारण सांगणे.

१. प्रस्तावना

उदाहरणासाठी आपण मारुती ८०० ही गाडी घेऊ. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. ७९६ घनसेंमीचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले, पुढच्या चाकांना चाल आणि रॅक-पिनियन स्टेअरिंग अशी तिची रचना आहे. 'सीजी ०४' पाटीच्या अशा गाड्या रायपूरच्या रस्त्यांवर अजूनही दिसतात.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते. अशा वेळी मालकाची तक्रार बहुधा दोन वाक्यांत येते : "स्टेअरिंगला प्ले आला आहे" आणि "सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते." घाईचे निदान म्हणजे पूर्ण रॅक बदला, इंजिन उतरवा. पुष्कळदा दोष काही रबरी तुकड्यांत असतो. तो नेमका कुठे आहे हे शोधता आले, तर खर्च वाचतो. शोधताच आले नाही, तर खर्च होऊनही गाडी असुरक्षितच राहते.

२. बुश कशासाठी असतो?

धातूचे दोन भाग एकमेकांना घट्ट धरून ठेवायचे, पण त्यांच्यात थोडी हालचाल होऊ द्यायची आणि कंपन पलीकडे जाऊ द्यायचे नाही, ही तिन्ही कामे बुश करतो. त्याची नेहमीची रचना अशी : बाहेर धातूची नळी, आत धातूची लहान नळी आणि दोहोंना चिकटवलेले रबर. आतली नळी बोल्टने आवळली जाते. हालचाल होते ती रबर पिळले गेल्यामुळे, नळी घसरल्यामुळे नव्हे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण बसवण्याच्या पद्धतीत तो पुन्हा येणार आहे.

इंजिनचे माउंटिंगही याच तत्त्वावर चालते. रायपूरच्या गॅरेजमध्ये त्याला 'फाउंडेशन' म्हणतात. पुस्तकातील 'इंजिन माउंट' आणि मिस्त्रीचे 'फाउंडेशन' ही एकच वस्तू आहे.

माउंटिंगवर वजनाखेरीज टॉर्कची प्रतिक्रियाही येते. समजा इंजिनचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे एकूण प्रमाण १५ आहे. चाकांवर ९०० न्यूटन-मीटर टॉर्क जातो आणि तेवढीच उलटी प्रतिक्रिया इंजिन-गिअरबॉक्सला फिरवू पाहते. दोन माउंटिंगमधील अंतर ०.४ मीटर धरले, तर प्रत्येकावर २२५० न्यूटन, म्हणजे साधारण २३० किलो वजनाएवढा जोर येतो. क्लच सोडताना 'धप्' असा धक्का बसतो तो फाटलेल्या माउंटिंगवर हा जोर अचानक आल्यामुळे.

३. रबर कडक झाले की काय होते?

चार-स्ट्रोक तीन सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दीड स्फोट होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते चालू असेल, तर :

कंपनाची वारंवारता = (८०० ÷ ६०) × १.५ = २० हर्ट्झ

इंजिनच्या वजनाने रबर जितके दबते त्यावरून इंजिनची नैसर्गिक वारंवारता काढता येते : गुरुत्वत्वरणाला दबण्याच्या अंतराने भागून वर्गमूळ घ्यायचे आणि २π ने भागायचे. इंजिनचे कंपन आणि नैसर्गिक वारंवारता यांच्या गुणोत्तराला 'र' म्हणू. अवमंदन सोडून दिल्यास बॉडीपर्यंत पोहोचणारा अंश १ ÷ (र² − १) इतका असतो. प्रत्यक्षात इंजिन वरखाली हलते तसे डोलतेही. येथे समजण्यासाठी एकच दिशा घेतली आहे.

| रबराची स्थिती | दबणे | नैसर्गिक वारंवारता | २० हर्ट्झला पोहोचणारा अंश |
|---|---|---|---|
| नवे | ४ मिमी | ७.९ हर्ट्झ | ०.१८ |
| दुप्पट कडक | २ मिमी | ११.१ हर्ट्झ | ०.४५ |
| चौपट कडक | १ मिमी | १५.८ हर्ट्झ | १.६४ |

शेवटची ओळ पाहा. अंश १ पेक्षा मोठा आहे, म्हणजे माउंटिंग कंपन अडवण्याऐवजी वाढवत आहे. 'र' हा √२ पेक्षा, म्हणजे १.४१ पेक्षा, कमी झाला की असे घडते. आता फेरे १६०० करा. कंपन ४० हर्ट्झ होते आणि त्याच चौपट कडक रबरातून पुन्हा ०.१८ अंशच जातो. "रेस दिली की थरथर जाते" या मालकाच्या वाक्याचा अर्थ हाच. मात्र इंजिन स्वतःच अडखळत असेल (खराब प्लग, एक सिलिंडर बंद), तरीही थरथर होते. म्हणून आधी प्लग तपासावेत आणि मगच माउंटिंगकडे वळावे.

४. रबर का खराब होते?

नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात. गंधकाने या साखळ्या एकमेकींशी जोडण्याची क्रिया, म्हणजे व्हल्कनीकरण, चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधली. त्यामुळे रबर टिकाऊ झाले, पण सगळे दुहेरी बंध संपत नाहीत. त्यांवर तीन गोष्टी हल्ला करतात.

- उष्णता व ऑक्सिजन : तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात रायपूरची हवाच ४५ अंशांच्या आसपास जाते. बॉनेटखाली तापमान त्याहून बरेच जास्त असते.
- ओझोन : ताणलेल्या रबरावर ताणाच्या दिशेला काटकोनात बारीक भेगा पडतात.
- तेल : नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगते व मऊ पडते. इंजिनची तेलगळती माउंटिंगवर होत असेल, तर आधी गळती बंद करावी. नाहीतर नवे माउंटिंगही लवकर जाईल.

यात खड्ड्यांची आणि धुळीची भर पडते. उरला-सिलतराच्या औद्योगिक पट्ट्यात जड ट्रकच्या वाहतुकीने रस्ते खचतात. तेथे रोज जाणाऱ्या गाडीच्या बुशना दिवसातून कितीतरी जास्त वेळा पिळवटावे लागते.

५. निदान : हालचाल कुठे हरवते?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टेअरिंग चक्रावरील सैलपणा ३० अंशांपेक्षा जास्त नसावा आणि लिंकेजच्या बॉल जॉइंटवर रबरी टोपी असावी. ३६ सेंमी व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला सुमारे ९ सेंमी. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. रॅक-पिनियनच्या धडधाकट गाडीत सैलपणा याच्या अंशभरच असतो. नागपूर-रायपूर महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चक्र फिरवूनही चाक उशिरा वळते, तेव्हा तेवढे अंतर आपल्या हाताबाहेर असते.

स्टेअरिंगची तपासणी : गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने चक्रापासून चाकापर्यंत एकेक जोड पाहत यावा.

- रॅकचे संपूर्ण आवरण बॉडीवर सरकते : रॅकचे माउंटिंग बुश गेले.
- आवरण स्थिर, पण आतला दांडा वर-खाली हलतो : रॅकचा आतला बुश गेला.
- टाय रॉड हलतो, पण चाक उशिरा हलते : टाय रॉड एंड गेला.
- वरचे सगळे ठीक, पण ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते किंवा खड्ड्यात 'खट्' आवाज येतो : लोअर आर्मचा किंवा स्टॅबिलायझर बारचा बुश पाहावा.

माउंटिंगची तपासणी : बॉनेट उघडे, हँडब्रेक ओढलेला, पायाने ब्रेक दाबलेला. पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित पकडू द्यावा, मग हेच रिव्हर्समध्ये करावे. इंजिन थोडे डोलणे स्वाभाविक आहे. उसळी मारत असेल किंवा धातूवर धातू आपटत असेल, तर माउंटिंग फाटले आहे. पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये.

६. बदलण्याची पद्धत

*सुरक्षितता :* गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी आणि मागच्या चाकांना अडण लावावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. घोडी लावून मगच काम करावे. बॅटरीची ऋण तार काढावी.

*इंजिन माउंटिंग :*
१. जॅकवर लाकडी फळी ठेवून इंजिनाला खालून आधार द्यावा. आधार फक्त वजन पेलण्यापुरता असावा. सम्पच्या पातळ पत्र्याच्या मध्यावर जोर देऊ नये.
२. एका वेळी एकच माउंटिंग काढावे, म्हणजे इंजिन जागेवरून सरकत नाही.
३. नवे बसवताना सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत. जॅक सैल करून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना इंजिन हाताने हलवावे. ते आपल्या जागी बसले की मॅन्युअलमधील टॉर्कप्रमाणे आवळावे. इंजिन तिरके असताना आवळले, तर रबर कायम ताणलेले राहते.

*रॅकचे माउंटिंग बुश :* चाके सरळ ठेवून क्लॅम्प सोडावेत, जागा साफ करावी, नवे रबर बसवावे आणि दोन्ही क्लॅम्प आळीपाळीने आवळावेत.

*लोअर आर्मचा बुश :*
१. जुन्या बुशची दिशा खुणेने नोंदवावी. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात.
२. जुना बुश प्रेसवर काढावा. नवा बसवताना जोर फक्त बाहेरच्या नळीवर द्यावा. आतल्या नळीवर दिल्यास चिकटवलेले रबर सुटते.
३. रबर सरकवण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही. कारण वर आले आहे.
४. शेवटचे आवळणे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना करावे. गाडी उचललेली असताना आर्म खाली लोंबतो. समजा हा कोन १५ अंशांचा आहे. तिथेच बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच बुश १५ अंश पिळला जातो आणि खड्ड्यात आर्म आणखी १५ अंश वर गेला की पीळ ३० अंश होतो. ज्या रबराला दोन्हीकडे १५ अंशांसाठी बनवले, ते एकाच दिशेला दुप्पट पिळत राहते. "नवा बुश सहा महिन्यांत गेला" अशा तक्रारीत दोष बुशचाच असतो असे नाही. आवळण्याची वेळही तपासावी.

काढलेल्या स्प्लिट पिना व लॉक नट नवेच वापरावेत. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.

७. जास्त कडक बुश लावावा का?

पॉलियुरेथेनचे कडक बुश बाजारात मिळतात आणि "जास्त टिकतील" म्हणून सुचवले जातात. लोअर आर्मला ते लावल्यास चाकाची दिशा अधिक पक्की राहते, पण रस्त्याचा खडखडाट आत येतो. इंजिन माउंटिंगसाठी मात्र तक्त्याची तिसरी ओळ पुन्हा वाचावी : तीन सिलिंडरच्या इंजिनाला कडक माउंटिंग लावणे म्हणजे नवा भाग विकत घेऊन जुनाच दोष बसवणे. निर्मात्याने रबर मऊ ठेवले ते हिशोब करूनच.

सारांश

बुश स्प्रिंगसारखे काम करतो आणि त्याची ताठरता ठरवून निवडलेली असते. रबर फाटले की सैलपणा व धक्के येतात; कडक झाले की थरथर येते. चक्रापासून चाकापर्यंत एकेक जोड तपासून दोष निश्चित करावा आणि मगच भाग बदलावा. रबर चिकटवलेला बुश गाडीच्या नेहमीच्या उंचीवरच आवळावा.

स्वाध्याय

१. चार सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चालू आहे. स्फोटांची वारंवारता काढा. माउंटिंग २ मिमी दबत असल्यास बॉडीपर्यंत किती अंश पोहोचेल?
२. थरथर सर्व फेऱ्यांना सारखीच जाणवत असेल, तर दोष माउंटिंगच्या कडकपणाचा असेल का? कारण द्या.
३. जवळच्या गॅरेजमध्ये जाऊन काढून टाकलेला एक बुश मिळवा. त्यावरील भेगांची दिशा, तेलाचे डाग आणि नळीपासून सुटलेला भाग पाहून तो कशाने खराब झाला असावा, हे अर्ध्या पानात लिहा.