घडी बसलेली साखळी : मुलुंडचे फोर्स्कोलिन आणि प्रथिनाची रचना

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची, पेप्टाइड बंधांनी गुंफलेली साखळी, ही व्याख्या यथार्थ असली तरी अपुरी होय. ताणलेली साखळी काहीच कार्य करीत नाही. तिला विशिष्ट आकार यावा लागतो. ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांनी १९६१ च्या सुमारास १२४ ॲमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएजची घडी मोडून पाहिली. मोडणारी द्रव्ये दूर होताच ते विकर आपण होऊन पूर्ववत् झाले. ‘घडी घालणे’ या प्रयोगास कर्ता लागतो, ‘घडी बसणे’ यास लागत नाही. प्रथिनाच्या बाबतीत दुसराच प्रयोग शास्त्रास अधिक धरून आहे. पाण्याशी न जुळणारे गट आत दडतात आणि हायड्रोजन बंध साखळीस मळसूत्राचा वा पट्ट्यांचा आकार देतात. अनेक मोठ्या प्रथिनांस पेशीत साहाय्यक प्रथिने लागतात, ही गोष्ट निराळी.

बसलेल्या घडीचे महत्त्व किती, याचे एक उत्तम उदाहरण मुलुंडने पुरविले आहे. हेक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र तेथे १९७२ मध्ये सुरू झाले. तुळशीच्या कुळातील कोलियस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतून तेथील संशोधकांनी एक द्रव्य वेगळे केले व १९७७ मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. फोर्स्कोलिन हे त्याचे नाव वनस्पतीच्या नावावरून, म्हणजे पर्यायाने लिनियसचे शिष्य पीटर फोर्स्कोल यांच्यावरून आले. हे द्रव्य ॲडिनिलिल सायक्लेज या विकरास थेट उत्तेजित करते, असे १९८१ मध्ये सीमन, डेली प्रभृतींनी अमेरिकेत दाखविले. पण कसे, हे त्या विकराची घडी पाहिल्यावाचून सांगता येण्यासारखे नव्हते.

ती १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दिसली. हजारावर ॲमिनो आम्लांच्या या एकाच साखळीत परस्परांशी साम्य असलेले दोन खंड आहेत. प्रत्येकाची घडी स्वतंत्रपणे बसते. नंतर दोन्ही एकमेकांस बिलगतात. त्यांच्या सांध्यात जवळजवळ सममित अशा दोन खाचा पडतात. एकीत एटीपीचे चक्रीय एएमपीत रूपांतर होते. दुसरीत फोर्स्कोलिन बसते आणि दोन्ही खंड जणू पाचरीने जखडावेत तसे एकत्र धरून ठेवते. ही खाच साखळीच्या सरळ क्रमात कोठेही सलग सापडत नाही. दूरदूरची आम्ले घडीमुळेच तेथे शेजारी येतात.

तथापि घडी म्हणजेच सर्वस्व, असाही निष्कर्ष काढू नये. सस्तन प्राण्यांच्या पेशीपटलांत या विकराचे नऊ प्रकार आढळतात. नववा फोर्स्कोलिनला फारशी दाद देत नाही, यद्यपि त्याची घडी इतरांसारखीच. उंदराच्या या नवव्या प्रकारात खाचेतील एका टायरोसिनच्या जागी ल्यूसीन घातले असता तो दाद देऊ लागतो, असे १९९८ मध्ये आढळून आले.