गोधडी शिवणारी

कापड विणतो तो कोष्टी, रंगवतो तो रंगारी, शिवतो तो शिंपी आणि कापूस पिंजतो तो पिंजारी. कापडाच्या बहुतेक कामांना मराठीत कारागिराचं नाव आहे. गोधडी शिवणारीला मात्र असं नाव नाही. ती कुणाची आजी, कुणाची जाऊ. सातारा-सांगलीकडे गोधडीलाच वाकळ म्हणतात. वस्तूला दोन-दोन नावं आहेत, करणारीला एकही नाही.

आमच्या शेजारच्या काकूंना मी एकदा विचारलं, "काकू, आजवर किती गोधड्या शिवल्या असतील तुम्ही?"

"शिवती कसली! जुनंपानं सांधती." सुईत दोरा ओवताना त्यांनी मान वर केली नाही.

पुढ्यात त्यांच्या सासूबाईंचं नऊवारी लुगडं होतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले, की दोन-दोन जोडून गोधडीचा वरचा आणि खालचा पदर निघतो. मधल्या थरांत धोतराची पानं, उसवलेले परकर, सदऱ्यांच्या पाठी. कोणतं कापड कुठं घालायचं, यातच निम्मी अक्कल आहे. विरलेलं आत, दमदार वर. नायलॉनची साडी काकू बाजूला सारतात. ती घाम टिपत नाही आणि थरांतून सटकते. सगळं सुती हवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून आधी मोठे कच्चे टाके घालायचे. मग कडेनं धावदोरा सुरू होतो आणि ओळीला ओळ लावत, चौकटीत चौकट करत आत येतो. काकू गोधडीवरच बसतात. डावा तळहात कापड सपाट करत पुढं सरकतो, त्यामागून सुई. त्या दिवशी आतल्या थराला एक चुणी पडली. वरून दिसत नव्हती, हाताला लागली. काकूंनी हातभर शिवण उसवली, कापड ताणून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून टाके घातले. नुसतं जुनंपानं सांधणारी बाई एवढी उसवत बसत नाही. मी त्यांना कारागीर म्हणतो ते या हातभर उसवणीसाठी.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकाही अशाच कडेकडून आत शिवत येतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यांतले बरेच पोर्तुगिजांच्या गोव्यातून रानात निसटलेले. घरात त्यांतल्या बऱ्याच जणींची कोकणी. गोधडीला त्या कवंदी म्हणतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं बसल्याशिवाय कवंदी त्यांना पुरी वाटत नाही. त्या फुलांनी ऊब वाढत नाही. तरी ती लागतातच.

आता शहरांतून गोधडीला मागणी आहे आणि कुठं कुठं बाया मजुरीवर शिवून देतात. गिऱ्हाईक जुन्या कापडाकडे पाहून भाव पाडतं. मला हे मनापासून खटकतं. कापड जुनं असलं, तरी दिवसच्या दिवस वाकलेली पाठ आजची असते. शिंप्याला आपण शिलाई देतो, तेव्हा कापड कुठून आणलं ते विचारत नाही.

काकूंची शेवटची ओळ मधोमध संपली. दातानं दोरा तोडून त्यांनी गोधडी झटकली, घडी घालता घालता थांबल्या आणि ती पालथी करून माझ्यापुढं पसरली.

"ही बाजू बघ."

टाके खालूनही तेवढेच, तस्सेच होते.