सुरतेच्या आगीतील धर्मगुरू

शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे आपल्या मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु त्या दिवसांत तापीकाठच्या त्या शहरात आपल्या ख्रिस्तसभेचा एक सेवक राहत होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याची हकीगत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सन १६६४ चा जानेवारी महिना होता. महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पडला. मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि रयत उघड्यावर पडली. घरे लुटली गेली, पेठा जळाल्या. सुरत बेसुरत झाली. इंग्रज व डच व्यापारी आपापल्या वखारींत शस्त्रे घेऊन उभे राहिले. गोरगरिबांजवळ ना तट होता, ना तोफ.

अशा वेळी फ्रेंच कपुचिन मठाचे प्रमुख फादर अँब्रोज थेट महाराजांच्या तळावर गेले. निदान गरीब ख्रिस्ती लोकांच्या जिवाला अपाय होऊ नये, एवढेच त्यांनी मागितले. महाराजांनी त्यांचा मान राखला व मागणे मान्य केले, असे फ्रेंच प्रवासी थेवनो याने लिहून ठेवले आहे. हे पाद्री सज्जन आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असे महाराजांनी सांगितल्याची नोंद बर्नियरने केली आहे. त्याच बर्नियरने आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही महाराजांनी वाचविले. कारण तो हयातीत मोठा दानशूर होता. तेव्हा हा मान केवळ झग्याचा नव्हता, सत्कर्माचा होता.

पुढे १६७० च्या ऑक्टोबरात सुरत पुन्हा लुटली गेली. त्यानंतरही हल्ल्याच्या वार्तांनी शहराचा थरकाप होत असे. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहून सेवा करणे म्हणजे काय, याचा विचार आपण घरबसल्या क्वचितच करतो.

परंतु सत्कर्म हे काही चिलखत नव्हे. दिनांक ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन शहरी मदर तेरेसांच्या संस्थेच्या वृद्धाश्रमावर बंदूकधारी चालून आले. चार सिस्टरांसह सोळा जणांचा त्यांनी बळी घेतला. त्या चौघींत एक भारतकन्या होती. केरळचे फादर टॉम उझुन्नालिल यांना पळवून नेण्यात आले. त्यांची सुटका २०१७ च्या सप्टेंबरात झाली. त्या सिस्टरांना धोका ठाऊक नव्हता काय? होता. पण अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे कोठे पळून जाणार? ती राहिली, म्हणून त्याही राहिल्या.

फादर अँब्रोज वाचले, एडनच्या सिस्टर वाचल्या नाहीत. दोहोंची निष्ठा मात्र एकच, असे आम्हांस वाटते. मेंढपाळ लांडगा पाहून पळत नाही, ही प्रभूची शिकवण त्यांनी आचरून दाखविली.

वाचकहो, आज सायंकाळी कुटुंबात रोजरी म्हणाल, तेव्हा एक रहस्य युद्धभूमीत राहून सेवा करणाऱ्यांसाठी अर्पण करा.