हवाई मालाची पूर्वसूचना
विमानाने जाणाऱ्या मालाचा तपशील तो विमानात चढविण्यापूर्वीच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे इलेक्ट्रॉनिक रीतीने पाठविण्याची पद्धत. भारताच्या १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमात आयात मालाची सूची विमान उतरल्यावर चोवीस तासांत देण्याची मूळ तरतूद होती. शुल्क-आकारणीपुरती ती पुरेशी होती. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून अमेरिकेकडे निघालेले, छपाईयंत्रांच्या शाईपेट्यांत दडविलेले दोन बाँब गुप्त वार्तेमुळे ईस्ट मिडलंड्स व दुबई येथे सापडले. माल उतरल्यावर केलेली तपासणी अशा वेळी निरुपयोगीच ठरते. पुढे अमेरिकेने २०१८ मध्ये पूर्वसूचना सक्तीची केली. यूरोपीय संघाने २०२१ मध्ये टपाल व द्रुत पार्सलांपासून आरंभ करून २०२३ मध्ये ती इतर हवाई मालासही लागू केली.

तपशिलात पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव-पत्ते, मालाचे वर्णन, नग, वजन व एअर वेबिलाचा क्रमांक असतो. यूरोपसाठी सहा अंकी वर्गीकरण-संकेतांकही लागतो. बहुतेक खोळंबा वर्णनापायी होतो. उदा., धसईकडील (जि. ठाणे) भेंडी मुंबईहून यूरोपास जावयाची झाल्यास ‘खाद्यपदार्थ’ हे मोघम वर्णन चालत नाही, ‘ताजी भेंडी’ असेच लिहावे लागते. संशय आल्यास प्रथम खुलासा किंवा पुनर्तपासणी मागितली जाते व धोका दिसल्यास ‘चढवू नये’ असा आदेश निघतो. खुलासा होईपर्यंत पेटी विमानात चढत नाही आणि नाशवंत मालाला हा विलंबही महागात पडतो.