मागचा दिवा आणि बल्बावरचा आळ

घाटाच्या वरचा मुलूख असा ज्याच्या नावाचाच अर्थ, त्या बालाघाट जिल्ह्यात शहराकडून बैहरकडे निघालेला रस्ता सातपुड्याच्या अरण्यातून वळणे घेत चढतो. आणि श्रावणातल्या झडीच्या संध्याकाळी, मँगनीजने लादलेले ट्रक मागेपुढे चालले असताना, पुढच्या मोटारीने ब्रेक दाबला हे मागच्या चालकास कळण्याचे साधन तिच्या पाठीवरील तांबड्या दिव्यांखेरीज दुसरे नसते. ताशी 60 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर तोडते, एवढे ध्यानी घेतले म्हणजे या दिव्यांची हेळसांड किती महागात पडू शकते हे निराळे सांगावे लागत नाही.

मागचा दिवा लागेना की बल्ब उडाला असे गृहीत धरून नवा बल्ब आणण्याची वहिवाट आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि पुष्कळदा ती बरोबरही ठरते. परंतु मागचा दिवा लागतो त्या अर्थी ब्रेकचाही लागत असणारच, हा तिच्याच पोटातला समज निखालस चुकीचा होय. अनेक मोटारींत एकाच काचेच्या बल्बात दोन तंतू असतात : रात्री सतत जळणारा 5 वॉटचा आणि ब्रेक दाबताच पेटणारा 21 वॉटचा. पैकी एक तुटूनही दुसरा वर्षभर इमानाने जळत राहतो. अशा बल्बाच्या दोन खिळ्या मुद्दाम कमीअधिक उंचीवर बसवलेल्या असतात, जेणेकरून तो होल्डरमध्ये उलटा जाऊ नये. म्हणून तो बसत नसेल तर बळजबरी करू नये, फिरवून पाहावा.

याहून अधिक फसवा दोष अर्थिंगचा, आणि माझ्या मते निम्मी व्यर्थ खरेदी याच्याच अज्ञानातून होते. विद्युत्प्रवाह बॅटरीतून तारेवाटे दिव्यापर्यंत येतो हे सर्वांस ठाऊक असते; पण तो परत जातो मोटारीच्या लोखंडी सांगाड्यातून, आणि त्या परतीच्या वाटेवरचा एक लहानसा बोल्ट गंजला तर नवाकोरा बल्बही मलूल जळतो, ही गोष्ट क्वचितच कोणी विचारात घेतो. 12 व्होल्टांवर जळणाऱ्या 21 वॉटच्या तंतूचा रोध जेमतेम सात ओहम. त्याच्या वाटेत गंजाने एका ओहमाचा अडथळा घातला तरी प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. गंज फारच वाढला, तर प्रवाह शेजारच्या तंतूतून आडवाट काढतो. मग ब्रेक दाबताच त्या बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचा दिवाच लुकलुकू लागतो. हे भूतचेष्टेसारखे दिसणारे लक्षण अर्थ खराब झाल्याची जवळजवळ निर्णायक साक्ष आहे. आमच्याकडील पावसात दिव्याचे रबर चिरले की आत ओल शिरते व होल्डरच्या पितळेवर हिरवट थर धरतो. तो पॉलिश पेपरने घासून काढणे, बोल्ट सोडवून खालचा पत्रा उघडा करणे आणि पुन्हा घट्ट आवळणे, एवढ्यावर पुष्कळ मोटारींचे काम भागते.

दोन्ही बाजूंचे ब्रेकदिवे आणि मागच्या काचेतला तिसराही एकदमच गेले असतील, तर तिन्ही बल्ब एकाच दिवशी उडाले असे मानण्यापेक्षा फ्यूज किंवा ब्रेकच्या पायदानावरील स्विच तपासणे अधिक युक्त. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज घातला की ब्याद टळली, ही समजूत मात्र केवळ चुकीची नव्हे, घातकी आहे : तारेचे रक्षण करण्यासाठी जो स्वतः जळतो तोच बळकट केल्यावर, पुढच्या वेळी त्याच्याऐवजी तारच तापून जळते.

उलटपक्षी, दिवे विझतच नसतील तर तोही ‘चालून जाण्याजोगा’ दोष नव्हे, कारण सदैव पेटलेल्या दिव्यातून मागच्यास काहीच बोध होत नाही. अनेक मोटारींत पायदान सुटल्यावर स्विचची दांडी दाबणारा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा एक इवलासा तुकडा असतो. तो जुना होऊन फुटतो, चालकाच्या पायाशी पडतो, आणि कचरा म्हणून झाडला जातो. ब्रेकदिवा चावी काढल्यावरही लागणारी मोटार असेल, तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

एलईडीविषयी एवढेच की, साधा तंतू पूर्ण तेजस्वी होण्यास जो सुमारे 0.2 सेकंद घेतो तो वाचतो, म्हणजे 60च्या वेगात मागच्यास तीनएक मीटर अधिक मिळतात, हा लाभ खरा. परंतु गंजलेला अर्थ त्याने बरा होत नाही.

तपासणीस दुसरा मनुष्य हवाच असेही नाही. तिन्हीसांजेला मोटारीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा आणि आरशातून भिंतीवरचा तांबडा उजेड पाहावा : प्रथम नुसता ब्रेक, मग मागचे दिवे लावून, शेवटी इंडिकेटरही चालू ठेवून. पहिल्या परीक्षेत निर्दोष ठरलेला अर्थ पुष्कळदा तिसरीत पकडला जातो, कारण सर्व दिव्यांचा प्रवाह एकदम परतू लागला म्हणजेच त्याची अरुंद झालेली वाट उघडी पडते.