केळफूल निवडण्याची स्वच्छ रीत

केळीचा घड सर्वांस प्रिय; परंतु त्याच घडाच्या टोंकाशीं लोंबणारें केळफूल पुष्कळदां बांधावर टाकून दिलें जातें. याचें कारण त्याची चव नव्हे, तर त्याचा चीक होय. चिकानें हात व विळी काळीं पडतात आणि वस्त्रावरील डाग वस्त्र फाटेपर्यंत जात नाहीं.

वसईच्या बागायती पट्ट्यांत केळीची लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून आगाशीचीं सुकेळीं प्रसिद्ध आहेत. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर हा निराळा जिल्हा झाला, आणि या काळांत अनेक वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. बागायतीच्या उताऱ्यावर बिनशेतीची नोंद चढतांना ज्यानें पाहिली आहे, त्यास उरलेल्या वाडींतील कोणतीही वस्तु वायां जावी असें वाटणार नाहीं.

घडांतील शेवटची फणी धरली म्हणजे खालील फुलें नर असल्यामुळें त्यांस फळ येत नाहीं. तेव्हां केळफूल कापावें; त्यांत खर्च होणारें पोषण फळांस मिळतें. कापल्यावर देंठ खालीं करून चीक निथळूं द्यावा.

निवडण्यास बसतांना खालीं केळीचें पान अंथरावें व हातांस आणि विळीच्या पात्यास खोबरेल चोळावें. म्हणजे चीक चिकटत नाहीं. एकेक तांबूस पाकळी उलगडून आंतील फुलें काढावीं. प्रत्येक फुलांत एक ताठ दांडी व एक पारदर्शक पापुद्रा असतो. दोन्हीं शिजत नाहींत, म्हणून काढून टाकावीं. आंतील पांढरा गाभा मात्र सबंध चिरावा. चिरलेलें लगेच पातळ ताकांत टाकावें. चिकांतील तुरट द्रव्यें हवेशीं मिळून काळीं होतात. आंबटपणानें ती क्रिया मंदावते. रात्रभर भिजवून सकाळीं पिळून घेतलें असतां तुरटपणा बराच कमी होतो.

नंतर भिजविलेले वाल अथवा हरभरे व ओलें खोबरें घालून भाजी करावी. किल्ल्यालगतच्या पाचूबंदरांत कोळी बांधवांच्या घरीं सुक्या जवळ्यास तोटा नसतो. मासे खाणारांनीं तो घालून पाहावा.

बाजारांत नेतांना वरच्या पाकळ्या काढूं नयेत. त्यांखालीं फूल ताजें राहतें. आणि गिऱ्हाइकास तेलाची व ताकाची गोष्ट आवर्जून सांगावी. हात स्वच्छ राहिले, तर तें दुसऱ्यांदा येईल.