परमुलखातील विद्यार्थी आणि केडगावची पंडिता

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात भीमा नदी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची सरहद्द बऱ्याच अंतरापर्यंत आखीत जाते. उत्तरेकडील शिरूरला अद्याप आगगाडी नाही, आणि दक्षिणेकडील दौंड हा कसबा तर आगगाडीनेच वाढविला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन तेथे जंक्शन झाले, आणि चालक, गार्ड, फिटर यांच्या बिऱ्हाडांबरोबर तेलुगू, तमिळ, हिंदी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची इंग्रजी अशा नाना भाषा रेल्वेच्या वसाहतीत मुक्कामास आल्या. शिरूरला आसपासचे लोक घोडनदी म्हणूनच ओळखतात. तेथे इंग्रजी अमलाच्या आरंभी लष्कराची छावणी होती आणि छावणीबरोबर परमुलखाची बोलीही होती. छावणी केव्हाच उठली. परंतु गेल्या काही दशकांत रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीने उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगारांना, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या मुलांना, पुन्हा या तालुक्याच्या उंबरठ्यावर आणून उभे केले आहे. महागणपतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर भोजपुरी आणि ओडिया ऐकू यावी, याचे आता तेथे कोणास नवलही वाटत नाही.

देशाटनाने आणि पंडितांच्या मैत्रीने मनुष्याला चातुर्य येते, अशा आशयाची आर्या आपल्याकडे शाळेतच पाठ होते, आणि पाठ झालेल्या बहुतेक गोष्टींप्रमाणे तिची शहानिशा करण्याच्या भानगडीत पुढे कोणी पडत नाही. वास्तविक चारी धाम पाहून आलेला गृहस्थ जसा गेला तसाच परत आल्याची उदाहरणे प्रत्येक आळीत सापडतील. तो आपल्याच भाषेच्या मंडळींत बसून गेला, आपल्याच भाषेत भांडला आणि आपल्याच आचाऱ्याच्या हातचे जेवला. मुलूख बदलला, पण त्याला कोणाचे मिंधे व्हावे लागले नाही. विद्यार्थ्याची दृष्टी पालटते ती त्याने काटलेल्या मैलांमुळे नव्हे, तर ज्याच्यावाचून आपले अडते अशा परक्या माणसापुढे त्याला मुका होऊन उभे राहावे लागते तेव्हा, असे मला वाटते. आणि या मताच्या पुष्ट्यर्थ दूरचा दाखला शोधण्याची गरज नाही, कारण आधुनिक महाराष्ट्रातील त्याचा सर्वांत ठसठशीत दाखला दौंड तालुक्यातील केडगाव येथेच आहे.

त्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळ येथे, डोंगऱ्यांच्या चित्पावन घरात झाला. पिता अनंतशास्त्री यांनी लोकापवादाची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकविले, तिने ते मुलीला शिकविले, आणि पुढे सारे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत, पुराण सांगत, वर्षानुवर्षे पायी हिंडत राहिले. एवढे देशाटन त्या काळी फारच थोड्या मुलींच्या वाट्याला आले असेल. तथापि त्या भ्रमंतीतली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. संस्कृत ही त्या कुटुंबाची जणू सनद होती. ती दाखविली की कोणत्याही प्रांतात देवळाची ओसरी मिळे, शिधा मिळे, श्रोते मिळत, परंतु त्या श्रोत्यांपैकी पुष्कळांना पुराणातले अक्षरही कळत नसे, आणि कळावे अशी अपेक्षाही नसे, कारण श्रवणानेच पुण्य लाभते असा शिरस्ता होता. आदर मिळाला, सोबत मिळाली नाही. घरची मराठी आईबापांच्या तोंडून आली आणि कानडी, हिंदुस्थानी या भाषा वाटेवरच्या व्यवहारातून कानांवर पडून साधल्या. पुढे मद्रास इलाख्यातील दुष्काळाने आईबाप आणि थोरली बहीण यांना नेले, आणि उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, दरमजल करीत १८७८ साली कलकत्त्यास पोचली.

कलकत्त्यात संस्कृतने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. माणसे मात्र दिली ती बंगालीने. ती भाषा त्या तिथल्या मंडळींत राहून शिकल्या. ब्राह्मो समाजाच्या घरांतून त्यांचा वावर सुरू झाला, शास्त्रांत स्त्रियांविषयी काय लिहिले आहे याची नव्याने रुजुवात करण्याची बुद्धी त्यांना तेथेच झाली, आणि १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. नवरा-बायकोची मातृभाषा एक नाही, जात एक नाही, प्रांत एक नाही. एकोणिसाव्या शतकातील त्या विवाहाचे धाडस आजही, शिरूर-दौंडच्या कोणत्याही गावात, सहजी पचणारे नाही. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच पती वारले, आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या.

येथवरचा प्रवास त्यांनी पंडिता म्हणून केला होता. विद्यार्थिनी त्या खऱ्या अर्थाने इंग्लंडात झाल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नातून जहाजाच्या भाड्याची तजवीज करून १८८३ साली त्या वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात गेल्या तेव्हा इंग्रजी जेमतेम होते. भरीस भर म्हणून कानांनी दगा दिला: वैद्यक शिकण्याची उमेद ऐकू कमी येत असल्यामुळे सोडून द्यावी लागली. जिला समोरच्याचे बोलणे अर्धे भाषेमुळे आणि अर्धे कानामुळे कळत नाही, तिने परदेशात शिकावयाचे कसे, हा प्रश्न तिच्या बुद्धीची थोरवी गाणाऱ्यांनी फारसा विचारलेला नाही. सोबत गेलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिचा अंतही तेथेच झाला. त्या एकटेपणात रमाबाई हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवीत होत्या आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकत होत्या. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि गणित, इंग्रजी, सृष्टिशास्त्र शिकत. ज्याला आपल्याकडून काही घ्यावयाचे आहे त्याच्यापुढे अडखळताना मान खाली जात नाही, हे परभाषेच्या प्रांतातील फार मोठे सत्य आहे, आणि आजच्या आपल्या शाळांनी ते अजिबात ओळखलेले नाही.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जडलेला त्यांचा स्नेह हा या साऱ्या वृत्तांतातला मला सर्वांत मनोहर भाग वाटतो, आणि तो मनोहर वाटण्याचे कारण त्यात गोडवा कमी आणि भांडण जास्त आहे. पत्राच्या मथळ्यावर रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात, आणि खाली मजकुरात आजीबाईंशी धर्मतत्त्वांवरून, आज्ञाधारकतेवरून, मनोरमेच्या शिक्षणावरून, मांसाशन न करण्याच्या आपल्या नियमावरून निकराचा वाद घालतात. वाँटेजला ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही क्रुसावरील वचन लॅटिनऐवजी संस्कृतात असावे असा त्यांचा आग्रह होता. भाषा येऊ लागली तशी मैत्री सुखाची झाली असे नव्हे. ती खरी झाली. मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या काळात परस्परांविषयी जो गोड गैरसमज टिकला होता तो अस्खलित इंग्रजीने संपविला, आणि तरीही पत्रव्यवहार पुढे चालू राहिला. आजीबाईंनीच तो संग्रहित करून ठेवला, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. नात्याचा शब्द मराठी, वाद इंग्रजी आणि वादाचा विषय हिब्रू-ग्रीक ग्रंथांतला, अशी ही मैत्री होती.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. तेथील लोकस्थितीचे त्यांनी मराठीत लिहिलेले पुस्तक १८८९ साली निघाले. स्त्रियांच्या संस्थांची त्यात मुक्तकंठाने स्तुती आहे, पण काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी मूग गिळलेले नाहीत. दुसऱ्याच्या घरी पाहुणचार घेऊन त्याच्या घरातला अन्याय पाहणे, आणि पाहून परत आल्यावर आपल्या घरच्या बायकांसाठी तो आपल्याच भाषेत लिहिणे, ही दृष्टी परमुलखात मिळालेली होती.

परत आल्यावर विधवांच्या शिक्षणासाठी रमाबाईंनी काढलेले शारदासदन मुंबईत निघाले, पुण्यास आले, धर्मांतराच्या वादात सापडले. तो सारा इतिहास परिचित आहे आणि येथे त्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन आहे ते १८९७ चे. त्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगचा अंमल असल्यामुळे त्यांना शहरात ठेवण्यास मनाई झाली, म्हणून लोहमार्गालगत केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली, आणि तेच ‘मुक्ती’ होय. त्यानंतर गुजरातच्या दुष्काळाने गुजराती बोलणाऱ्या मुलींची भर घातली. म्हणजे भीमथडीच्या त्या रुक्ष माळावर हिंदी, गुजराती आणि मराठी बोलणाऱ्या, बहुतेक निरक्षर, भुकेने अर्धमेल्या झालेल्या मुली एका छपराखाली आल्या. त्यांना भाषेच्या वर्गात बसवून एकमेकींची ओळख पटेपर्यंत थांबण्याइतकी सवड कोणाला होती? दळण होते, शेत होते, गुरे होती, माग होता, छापखाना होता. कामात हात मिळाले आणि तोंडे मागाहून उघडली.

त्या छापखान्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील बायकांना समजत नाही असे रमाबाईंना दिसून आले, म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून स्वतः भाषांतर आरंभिले, आणि त्याचे खिळे मुक्तीतल्याच मुलींनी जुळविले. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. कलकत्त्यात जिच्या संस्कृत वाणीने सभा डोलल्या, तिने अखेरची वर्षे सोप्या मराठीच्या शोधात घालवावी, यातला अर्थ माझ्यासारख्या तत्समप्रिय लेखकालाही चुकविता येत नाही. बालपणी न समजणाऱ्या श्रोत्यांपुढे पुराण म्हणणाऱ्या मुलीने त्या श्रोत्यांचे ऋण असे फेडले.

आता वर्तमानाकडे वळू. सकाळी दौंडहून पुण्याकडे निघणाऱ्या गाडीत पाटस, केडगाव, यवत येथील विद्यार्थी पास काढून चढतात. शिरूरकडील मुले एस.टी.च्या भरवशावर असतात, जिच्या मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत तो विनामूल्य मिळतो. ही मुले पुण्यात पोचतात तेव्हा भाषेची सरहद्द ओलांडीत नाहीत असा सर्वांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीच्या विज्ञान शाखेत पाय ठेवतो आणि कालपर्यंतचे ‘त्वरण’ आज दुसऱ्याच नावाने फळ्यावर येते. त्याहून जिव्हारी लागते ते त्याने ‘पानी’ म्हटल्यावर मागल्या बाकावर उमटणारे हसू. असा मुलगा वर्गात गप्प बसतो आणि परतीच्या गाडीत अखंड बोलतो. त्याची मैत्री कॉलेजात होत नाही, डब्यात होते, आणि वर्षानुवर्षे पुण्यास जाऊन त्याला पुण्यातला एकही मित्र नसतो. हा प्रवास त्या चारी धामवाल्या गृहस्थाच्या जातीचा आहे.

ऊसतोडणीच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांतील मुलांची स्थिती याहून विलक्षण आहे, कारण त्यांपैकी बहुतेकांची भाषा मराठीच असते. शिक्षण हमी कार्ड हाती देऊन त्यांना जवळच्या शाळेत बसविण्याची सरकारी व्यवस्था आहे; पण हंगाम संपला की ती जाणार हे वर्गाला ठाऊक असते, आणि जाणाऱ्याशी कोणी जीव लावीत नाही. भाषा एक असली की माणसे आपोआप एक होतात असे मानणाऱ्यांनी कारखान्याच्या तळावरच्या कोप्या एकदा पाहाव्यात.

रांजणगावच्या बाजूस नेमके उलटे अडते. तेथील परप्रांतीय मूल मराठी लवकर उचलते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली ते योग्यच झाले. परंतु शिकण्याचा सगळा बोजा पाहुण्यावर आणि यजमान मोकळा, अशी त्या व्यवस्थेची गोम आहे. वाँटेजमध्ये सिस्टर मराठी शिकत होत्या म्हणून रमाबाईंना इंग्रजी शिकताना कमीपणा वाटला नाही. आपल्या वर्गातील तीस मराठी मुलांपैकी किती जणांना शेजारच्या ओडिया मुलाच्या गावाचे नाव ठाऊक असते?

यावर उपाय शोधण्यास शिरूर तालुक्याबाहेर जावे लागत नाही. पाबळ येथे, जेथे बुंदेलखंडातून आलेल्या मस्तानीची समाधी आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात नोकरी केलेला हा शास्त्रज्ञ पाबळला आला तो शाळेतून गळालेल्या मुलांसाठी. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशा चार विभागांत वर्षभर हाताने काम करीत तेथे शिकावयाचे असते, आणि इतर राज्यांतील मुलेही तेथे येतात. वेल्डिंगचा सांधा दोघांनी धरल्याशिवाय जुळत नाही, आणि तो धरण्यासाठी व्याकरण लागत नाही. केडगावच्या छापखान्यात जे गरजेपोटी घडले ते पाबळला पद्धत म्हणून रुजविले गेले आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा रांजणगाव, शिक्रापूर, कुरकुंभ या परिसरातील मुख्याध्यापकांनी परप्रांतीय मुलांना एकत्र मागच्या बाकावर न बसविता प्रत्येकाला एकेका मराठी मुलाच्या शेजारी बसवावे. आठवड्यातून एक तास दोघांना मिळून करावयाचे हातकाम द्यावे. आणि मराठी मुलाने सोबत्याच्या भाषेत चार वाक्ये बोलून दाखवावीत असा वर्गाचा नियम करावा. यासाठी मंत्रालयाच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. एवढे त्यांनी याच वर्षी करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.